चेहऱ्यावर आलं पाहिजे

शाळा सुटल्यावर चंद्रप्रभा सोलापूर रस्त्याच्या वळणावर रिक्षाची वाट बघत उभी होती, आणि पलीकडं रसवंतीच्या आडोशाला तिला लक्ष्मीबाई दिसली. लक्ष्मीबाई म्हणजे शाळेच्या संडासांपासून जिन्यापर्यंत सगळं धुऊन काढणारी म्हातारी. तिच्यासमोर दप्तर लावलेली एक पोरगी उभी होती आणि लक्ष्मीबाई पदराचं टोक जिभेनं ओलं करून पोरीच्या गालावरचा शाईचा डाग पुसत होती. पोरगी मान वाकडी करून "हळू की गं आजी," म्हणत होती. तोंड वळलं तेव्हा चंद्रप्रभानं ओळखलं. पाचवीतली अक्षरा. तिच्याच वर्गातली. रिक्षा आली, थांबली, रिक्षावाला "बसा की मॅडम" म्हणाला, तरी ती जागची हलली नाही. कारण त्याच दिवशी सकाळी, ह्याच अक्षरानं ह्याच लक्ष्मीबाईकडं बघून नाक दाबलं होतं, ओठ मुडपले होते आणि खणखणीत आवाजात म्हटलं होतं, "आय ॲम डिसगस्टेड." मला किळस येते. आणि चंद्रप्रभानं टाळ्या वाजवल्या होत्या. वर "व्हेरी गुड, अक्षरा!" असंही म्हणून झालं होतं.

हे असं कसं झालं म्हणून कुणी विचारलं असतं तर तिला धड सांगताही आलं नसतं. कुणी दुष्ट नव्हतं, हीच तर चीड येण्यासारखी गोष्ट. एखादा तरी नालायक सापडला असता तर त्याच्या डोक्यावर सगळं फोडून मोकळं होता आलं असतं. शाळा आण्णासाहेबांची. तिथं आधी त्यांचं लॉज होतं, देवीला येणाऱ्या माणसांसाठी बांधलेलं. पुढं तुळजापुरात नवी चकचकीत लॉजं झाली, ह्यांचं ओस पडलं, तेव्हा आण्णासाहेबांनी पाटी उतरवली, दुसरी चढवली आणि इंग्लिश मीडियम काढलं. दारांवर खोल्यांचे नंबर अजून तसेच आहेत. पाचवीचा वर्ग म्हणजे दोन खोल्यांमधली भिंत पाडून केलेली एक लांबोडकी जागा, आणि तिला चिकटून लॉजच्या काळातली मोरी-संडास. नळ्या जुन्या, त्या तुंबतात. फळ्यावर क्रियापदं लिहिताना मागून वास येतो, मग लक्ष्मीबाई येते, मग फिनेलचा वास येतो, आणि दोन्ही वास एकमेकांत कालवून दिवसभर डोक्यात बसतात. चंद्रप्रभाच्या साड्यांना तो वास आहे. डब्यातल्या पोळीलाही आहे असं तिला वाटतं. नवरा म्हणतो, तुझे भास. असतील बाबा.

आणि शिकवण्याची ती पद्धत, तीही वाईट नव्हती. पुण्याहून शिकवायला आलेल्या एका बाईंनी सांगितलं होतं, शब्द सुटा पाठ करून घेऊ नका, प्रसंग उभा करा, प्रसंगात शब्द आपोआप जिभेवर येतो. चंद्रप्रभाला ते मनापासून पटलं. स्वतः ती परंड्याच्या शाळेत घोकंपट्टी करून इंग्रजी शिकलेली. एकेका शब्दाचे पाच-पाच अर्थ तोंडपाठ, आणि सोलापुरात कॉलेजला गेल्यावर कुणी नाव विचारलं तरी जीभ टाळ्याला चिकटायची. आपल्या पोरांचं तसं व्हायला नको, एवढीच तिची हौस. तिनं वर्गात भाजीबाजार मांडला. एसटीचा कंडक्टर केला, परंड्याची दोन तिकिटं मागायला लावली. दवाखाना केला, त्यात एक पोरगं इतकं मनापासून कण्हलं की शेजारच्या वर्गातल्या मिस धावत आल्या. पोरं इंग्रजीत भांडायला लागली होती, आणि भांडता यायला लागलं म्हणजे भाषा आली, असं चंद्रप्रभा म्हणायची. कसले सोन्यासारखे तास होते ते! मग आण्णासाहेबांचा पुतण्या मुकुल हातात मोबाइल घेऊन वर्गात शिरला. ॲडमिशनसाठी रील पाहिजेत म्हणाला. त्या दिवसापासून पोरं तिच्याकडं बघेनाशी झाली, मोबाइलकडं बघून बोलायला लागली. तिलाही दोष द्या. ती पण केस नीट करून वर्गात जायला लागली.

ह्या आठवड्यात धडा भावनांचा होता. हॅपी झालं, पेढे वाटून. अफ्रेड झालं, प्लास्टिकचा साप सोडून. प्राउड झालं. राहिलं डिसगस्टेड. वर्कबुकात एक चित्र होतं, गोरा मुलगा कचऱ्याच्या डब्याशेजारी नाक धरून उभा, आणि खाली रिकाम्या जागा. मुकुलनं सडकी केळी आणली, बुरशी आलेले पाव आणले. पोरांना कसली आलीय किळस! ती फिदीफिदी हसायला लागली, एकानं तर केळं हातात घेऊन दुसऱ्याच्या अंगावर टाकलं. "एक्स्प्रेशनच येईना मॅडम," मुकुल वैतागला. नेमकी तेव्हाच लक्ष्मीबाई मोरीतून बाहेर पडली. एका हातात बादली, दुसऱ्या हातात खराटा, लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं. नळी उपसून आली होती, वास यायचाच. पोरांचे हात आपोआप नाकाकडं गेले. सगळ्यांचे एकदम, कुणी सांगावं लागलं नाही. "हेच! हेच पाहिजे होतं!" मुकुल ओरडला. "ओ मावशी, जरा परत एकदा या ना तिथनं!" लक्ष्मीबाई थबकली. "म्या? फोटूत? ह्या अवतारात?" तिनं बादली खाली ठेवली, पदर डोक्यावरून नीट घेतला, तोंड पुसलं आणि मोबाइलकडं बघून हसली. "हसू नका मावशी. बादली हातात राहू द्या." तिनं बादली उचलली. आणि चंद्रप्रभानं काय केलं? बोट वर करून वाक्य सुरू करून दिलं. "ऑल टुगेदर, चिल्ड्रन." त्या क्षणी तिच्या डोक्यात वाक्याशिवाय काही नव्हतं, प्रसंग उभा राहिला, शब्द जिभेवर येतोय, झालं.

फक्त अक्षरा खाली बघत राहिली. "ती तिसऱ्या बाकावरची पोरगी फ्रेम घालवतीय," मुकुल म्हणाला. चंद्रप्रभा तिच्याजवळ गेली, हनुवटीला धरून तोंड वर केलं. अक्षरा हुशार, पण अबोल. पंचवीस टक्क्यांच्या फुकट जागेतून आलेली, आई-बाप पुण्याकडं बांधकामावर, इथं कुणा नातेवाइकाकडं राहते, एवढंच ठाऊक. "काय झालं, येत नाही का? नुसतं तोंडानं म्हणून उपयोग नाही. चेहऱ्यावर आलं पाहिजे. घरी आरशात बघून कर आणि उद्या ये, आपण परत घेऊ." लाडानं म्हणाली होती ती हे. गालाला हात लावून. आणि पोरगी खरंच दुसऱ्या दिवशी करून आली. काय केलं होतं तिनं! नाकपुड्या फुगल्या, खालचा ओठ बाहेर आला, डोळे बारीक झाले, अंग मागं सरलं. बाकीची पोरं तिच्यापुढं नकली वाटायला लागली. मुकुलनं मोबाइल तिच्या तोंडाजवळ नेला. मागं लक्ष्मीबाई बादली घेऊन उभी होती, सांगितलं तशी, न हसता.

रिक्षात बसल्यावर चंद्रप्रभाला ते सगळं पुन्हा दिसायला लागलं आणि तिनं चालकाला मध्येच थांबवून खाली उतरून थुंकून घेतलं. घरी आली, हात धुतले, पुन्हा धुतले. चहा ठेवला तर दूध उतू गेलं, त्या करपल्या वासानं तिला मळमळलं. स्वैपाकघराच्या ओट्यावरून झुरळ गेलं त्याचं काही वाटलं नाही, वाटलं ते स्वतःच्या हातांचं. ह्याच बोटानं वाक्य सुरू करून दिलं. छी! नवरा, अनिरुद्ध, ऑफिसातून आला, पंख्याखाली बसून मोबाइल चाळायला लागला आणि एकदम खूश होऊन म्हणाला, "अरे वा! तुमच्या शाळेचा व्हिडिओ आलाय ग्रुपवर. तुझा आवाज ऐकू येतोय बघ." मोबाइलमधून तिचाच आवाज आला, गोड, चढा, आणि मग सगळ्या वर्गाचा. शेवटी एकट्या अक्षराचा. "ही पोरगी कोण गं? कसलं नॅचरल करते!" त्यानं पुन्हा लावलं. "बंद कर ते," ती म्हणाली. "का? चांगलं झालंय की. बघ, किती लोकांनी अंगठे दिलेत." "बंद कर म्हणते ना!" अनिरुद्धनं मोबाइल उलटा ठेवला आणि तिला काही दुखतंय का म्हणून विचारलं. बिचारा खरंच काळजीनं विचारत होता, आणि तिला त्याचीही किळस आली, त्याच्या पायमोज्यांची, बशीतल्या चहाची, त्या काळजीची. ती उठून गॅलरीत गेली. खाली रस्त्यावरून कुंकवानं माखलेली माणसं स्टँडकडं निघाली होती, कुणाचं पोर खांद्यावर झोपलेलं. संध्याकाळ तशी बरी होती.

आणि तिथं उभं असताना तिला परंड्याचं घर आठवलं. वडील कचेरीत कारकून, बाबूराव, मोठे हौशी. घराच्या मागच्या दाराला एक बाई यायची, उरलंसुरलं न्यायला. तिचं नाव कधी कुणी घेतलं नाही, ती आली की आई नुसतं "आली" म्हणायची. आई दाराच्या उंबऱ्याच्या आतच उभी राहून भाकरी वरून सोडायची आणि ती बाई ओच्यात झेलायची. चंद्रप्रभा तेव्हा बोबडं बोलायची. एक दिवस आईच्या मागून डोकावून तिनं नाक दाबलं आणि तोंड वाकडं केलं. आईला हसू फुटलं. तिनं आतल्या माणसांना हाका मारल्या, "अहो या, बघा तर, ही कसं तोंड करते!" पुढं पाहुणे आले की बाबूराव तिला मधोमध उभं करायचे. "चंदू, ती बाई आली की तू काय करतीस? दाखव बरं." ती दाखवायची. सगळे हसायचे, कुणीतरी लिमलेटची गोळी द्यायचं. पुन्हा दाखव म्हणायचे, ती पुन्हा दाखवायची. हे तिला कुणी वाईट म्हणून सांगितलं नाही, चांगलं म्हणूनही नाही; घरातली लाडाची गंमत होती ती, तिच्या लग्नातही निघाली होती. इंग्रजी शब्द तिला पुष्कळ वर्षांनी कॉलेजात मिळाला. चेहरा मात्र त्याच्या आधीचा होता, घरात, लाडात, प्रसंगात शिकवलेला. पुण्याच्या बाई म्हणाल्या ते अगदी बरोबर होतं तर. तिला हसायला आलं. त्या रात्री ती जेवली नाही.

सकाळी ती सरळ आण्णासाहेबांकडं गेली. त्यांचं ऑफिस म्हणजे लॉजचं जुनं काउंटर. भिंतीवर किल्ल्यांचे खिळे अजून रांगेत आहेत, त्यांना आता शिक्के आणि शिट्ट्या टांगलेल्या. आण्णासाहेब देवीचा अंगारा लावून प्रसन्न बसले होते. "या मॅडम, या! काय व्हिडिओ केलाय! पार हैदराबादहून फोन आला मला." चंद्रप्रभा उभीच राहिली. "तो काढून टाका आण्णासाहेब." "काढू? का?" रात्रभर जुळवलेली वाक्यं सगळी गेली. "त्यातली लक्ष्मीबाई... ती त्या पोरीची आजी आहे. अक्षराची. पोरीला आपण आजीकडं बघून..." आण्णासाहेबांनी चष्मा काढला. क्षणभर तिला वाटलं, कळलं ह्यांना. "काय सांगता! आपल्या मावशीची नात आपल्याच शाळेत?" आण्णासाहेबांचा चेहरा उजळला. "आणि सगळ्यांत फर्स्ट क्लास तीच बोलली! अहो मॅडम, हे तर खाली लिहायलाच पाहिजे. मावशीचा फोटो, नातीचा फोटो, शेजारी शेजारी. आमच्याकडं भेदभाव नाही, बघा म्हणावं! मुकुल, अरे मुकुल!" ते खरंच गहिवरले होते. त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या, आणि ते ओलं बघताना चंद्रप्रभाला वाटलं, आता इथंच भडभडून ओकणार आपण, ह्यांच्या काउंटरवर. काढायला आली होती ती, आणि अजून चार बोटं खोल रुतवून बसली. "लिहायचं नाही," ती म्हणाली. आवाज इतका चढला की बाहेर प्रार्थनेला उभी राहणारी पोरं वळून बघायला लागली. "ती कुणाची कोण, ह्यातलं एक अक्षर जरी कुठं आलं, तर मी उद्यापासून शाळेत पाऊल ठेवणार नाही. आणि सगळीकडं सांगत सुटेन का ते." आण्णासाहेब दचकले. इंग्रजीला दुसरी बाई इतक्यात मिळायची नाही, हे त्यांना ठाऊक. "बरं बरं, राहिलं. तुम्ही चिडू नका. नाही लिहीत." "आणि व्हिडिओ?" "तो आता लोकांच्या मोबाइलमध्ये गेला, मॅडम. तो मी कुठून काढू?" ते म्हणाले, आणि ते मात्र खरं होतं.

आता एकच राहिलं होतं. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत लक्ष्मीबाईला आपण सांगायचं. पोरं काय म्हणत होती ते, त्याचा अर्थ काय तो, स्वतःच्या तोंडानं. पोरीचा दोष नाही, आपला आहे, हेही. म्हातारीनं शिव्या दिल्या तर ऐकून घ्यायच्या. दिल्या तर बरंच. प्रार्थना संपत आली होती. चंद्रप्रभा मागच्या जिन्यानं खाली उतरली, जिथं टाकीखाली लक्ष्मीबाई खराटे धुवायची. तिथला वास अंगावर आला. लक्ष्मीबाई उकिडवी बसून बादली घासत होती. "बाई, तुमी कशाला खाली आलाव? निरोप धाडायचा की." "लक्ष्मीबाई, तुमच्याशी बोलायचंय. अक्षराबद्दल." बादली घासणारा हात थांबला. म्हातारीनं आधी जिन्याकडं बघितलं, मग मोरीकडं, कुणी आहे का ते. "कळलं व्हय तुमास्नी," ती हळू म्हणाली. "बाई, पाया पडते, कुणाला बोलू नका. म्याच तिला सांगितलंय, शाळंत मला आजी म्हणायचं न्हाय, बघायचं बी न्हाय. पोरं चिडवत्यात, शेजारी बसत न्हाईत. लई हुशार हाय वं ती." "नाही बोलणार. मी दुसरंच सांगायला आले. तो व्हिडिओ घेतला ना काल, परवा. त्यात पोरं जे म्हणत होती..." "ते व्हय." लक्ष्मीबाईनं पुन्हा घासायला घेतलं. "नाक दाबून काय म्हणत्यात ते कळाया इंग्रजी कशाला लागतंय, बाई?"

वर पोरांनी जयघोष केला, पायांचा आवाज वर्गांकडं निघाला. चंद्रप्रभाला जायला हवं होतं. लक्ष्मीबाई मात्र आता मोकळी झाली होती. कुणाशी बोलायची सोयच नसलेलं काहीतरी तिला बोलायला मिळालं होतं. "परवा पोरगी रडत घरी आली. मिस म्हणल्या, तोंडावर आलं पायजे, आरशात बघून करून ये. मला जमंना म्हणली. म्हणलं, आरसा कशाला, माझ्याकडं बघून कर. माझ्याकडंच बघून करायचंय न्हवं? तर ही बया मला बघून हसायचीच! गळ्यात पडायची. किती येळ! मग म्या राग भरले. म्हणलं, म्या तुझी आजी न्हाय, म्या शाळंतली संडास धुणारी हाय, दाब नाक. मोरीचं फडकं आणलं, तिच्या तोंडाम्होरं धरलं. लई रडली. जेवली न्हाय. पर मग आलं बघा तोंडावर, बराबर आलं." ती हसली, त्या दिवशी मोबाइलकडं बघून हसली होती तशीच, आणि ओल्या हातानं कपाळावरचे केस मागं सारले. "काल उभी ऱ्हाऊन बघितलं की म्या. समद्यांत तिचंच चांगलं झालं. व्हय का न्हाय, बाई? मार्क पुरं दिलं न्हवं तिला?"

म्हातारी मान वर करून वाट बघत होती. दिले म्हणायचं होतं, एवढंच. शिकवणारणीनं एवढंच उत्तर द्यायचं होतं. चंद्रप्रभानं बोलायला तोंड उघडलं, आणि ओठांना कापड लागलं तेव्हा तिला कळलं. जिना उतरल्यापासून तिनं पदर नाकावर दाबून धरला होता. लक्ष्मीबाईनंही ते बघितलं. "वर जावा तुमी बाई," ती म्हणाली, "इथं वास येतूया."